अर्थात शिरायचं नाही

"आई, मावशी ग्रुपमधून बाहेर पडल्या."

सून हातात फोन धरून दारात उभी होती. ताईंचं सकाळचं मौन नुकतंच सुटलं होतं. सहा ते सात तोंडातून शब्द काढायचा नाही आणि नंतरचा पहिला शब्द देवाचं नाव, हा नेम त्या वीस वर्षं पाळत होत्या. नाव घेऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "चुकून बोट लागलं असेल धाकटीचं."

"चुकून नाही हो. तुम्ही त्यांचं लिहिलेलं पुन्हा दुरुस्त करून टाकलंत. त्यावर त्यांनी 'बरं ताई' लिहिलं आणि गेल्या."

"सहा शब्द चुकले होते. विरामचिन्ह तर एकही नाही."

"घरच्या गप्पांत कोण बघतं ऱ्हस्व-दीर्घ?"

"घरचंच म्हणून चिखलाच्या चपला घालून आत यायचं का?" ताई हळू आवाजात म्हणाल्या. मोठ्यानं त्या कधीच बोलत नसत. म्हणूनच त्यांचं बोलणं जास्त लागायचं.

"बरं, राहिलं. पण मावशींनी लिहिलं काय होतं?"

सहाही शब्द ताईंना ओळीनं आठवत होते. लिहिलं काय होतं, ते मात्र आठवेना.

अडतीस वर्षं त्यांनी छापखान्यात प्रुफं तपासली होती. पहिल्याच दिवशी फोरमननं शिकवलं होतं, पान शेवटच्या ओळीकडून वर वाचायचं, एकेक शब्द सुटा धरायचा. "अर्थात शिरलात, की चूक निसटलीच म्हणून समजा." ताईंनी ते असं अंगी बाणवलं, की कुणाच्या निधनाची बातमी तपासून खाली ठेवली तरी कोण गेलं ते त्यांना दुसऱ्या दिवशीच्या छापील अंकात कळायचं. निवृत्तीनंतर मुलानं त्यांना 'आपली माणसं' या ग्रुपमध्ये घातलं. तिथंही त्या रोज तेच करत होत्या. भाचा परीक्षेत पास झाला तेव्हा त्याला आधी 'उत्तीर्ण' कसं लिहायचं ते कळलं होतं, अभिनंदन दुसऱ्या दिवशी.

त्यांनी चष्मा लावला. धाकटीचा निरोप पहिल्या शब्दापासून वाचला.

'ताई व सगळे गुरुवारी डोळा कापनार आहेत डॉक्टर म्हनले ऊशीर केला मला भिती वाटते कुनी येइल का'

त्याखाली त्यांचाच मजकूर होता, स्वच्छ, जिथल्या तिथे स्वल्पविराम दिलेला. आणि मौनाच्या तासातच पाठवलेला. तोंड गप्प होतं, बोट नव्हतं.

"बाकीच्यांपैकी कुणीच कसं काही बोललं नाही?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांना वाटलं, तुम्ही मोठ्या. आधी तुम्ही काहीतरी लिहाल."

"लिहिलं की," ताई म्हणाल्या.

फोन लावला तर धाकटी उचलेना. मग त्यांनी लिहायला घेतलं. तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा अगदी शुद्ध उतरलं, तिन्ही वेळा पुसून टाकलं. शेवटी त्यांनी पिशवी उचलली आणि बस धरली.

धाकटीचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. शिलाई मशीन, इस्त्रीचं टेबल, भिंतीला टांगलेले अर्धवट कपडे. ती एकटीच राहायची. ती चौथीत असताना आई अंथरुणाला खिळली. कुणीतरी घरी थांबायला हवं होतं आणि ताईंचं मॅट्रिकचं वर्ष होतं. दोघी बहिणींत त्यावर कधी एक शब्द झाला नव्हता.

"आलीस?" धाकटी मान वर न करता म्हणाली. "लाल पेन आणलंस ना?"

"फोन का उचलला नाहीस?"

"बोलताना चुकले असते तर?"

ताई स्टुलावर टेकल्या. "धाकटे, मी वाचलंच नव्हतं गं."

"काय नव्हतं?"

"तू लिहिलेलं. तपासलं फक्त. वाचलं नाही."

धाकटीनं मशीनचं चाक हातानं थांबवलं. डोळे बारीक करून बहिणीकडे पाहिलं. "म्हणजे माझी भीती तू नीट करून मला परत दिलीस आणि तुला ती दिसलीच नाही?"

"नाही दिसली."

"धन्य आहेस बाई." तिनं कापड खाली ठेवलं. "अर्धा तास लागला ते लिहायला. एका डोळ्यावर पडदाच आहे, दुसऱ्यासमोर भिंग धरलं होतं. फोन केला असता तर रडू आलं असतं, म्हणून लिहिलं. लिहिताना रडलं तर कुणाला दिसत नाही."

ताईंनी पदरानं चष्मा पुसला. पुसून झाला तरी पुसत राहिल्या.

"पण नीट लिहिण्यात वाईट काय आहे गं?" त्यांनी अगदी खरोखर विचारलं.

"वाईट कोण म्हणतंय? वाकडी टीप दिसली की मीसुद्धा उसवते. पण गिऱ्हाईक पायरीवर आपटलं तर आधी त्याला उचलते. त्याची शिवण मागून बघते." मग म्हणाली, "डोळा बरा झाला की शिकव मला. पण इथं बसून. सगळ्यांच्या देखत नको."

"गुरुवारी मी येते तुझ्याबरोबर."

"पहाटेच जायचंय. सहाला तर तुझं मौन."

"त्या दिवशी नाही."

"वीस वर्षांचा नेम मोडशील?"

"देवाला सांगते तसं. तो अर्थ बघतो, त्याला कुणी छापखान्यात नाही शिकवलं."

धाकटी हसली. हसता हसता तिनं सुई आणि दोरा ताईंच्या हातात दिला. "ओवून दे एवढं. सकाळपासून ज्याला-त्याला विचारतेय."

गुरुवारी दुपारी नर्सनं धाकटीला बाहेर आणून सोडलं. "उशीर झाला होता, तरी निभावलं म्हणा," ती म्हणाली, "डॉक्टर खूश आहेत. उद्या पट्टी काढू." एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याला धूसर दिसणं. धाकटीनं हात पुढे केला, तो ताईंनी धरला.

"इथं उंबरा आहे," ताई म्हणाल्या. "आता सपाट. डावीकडं बाकडं. त्यावर एक गृहस्थ बसलेत, पाय लांब केलेत त्यांनी. त्यांच्या शेजारी छत्री. छत्री काळी आहे. पुढं एक बाई बाळाला घेऊन उभी आहे, बाळ झोपलंय. आता तीन पायऱ्या, पहिली जरा तुटकी—"

"अगं, सगळंच काय सांगतेस?" धाकटी कुरकुरली.

पण तिनं हात आणखी घट्ट धरला आणि पहिल्या पायरीवर पाऊल ठेवण्याआधी विचारलं, "बाळ मुलगा आहे की मुलगी?"