दार कुरकुरतं करून द्या

अगं ऐका ना, चहा नंतर ओता, आधी माझं ऐका!

माझी मावशी माहितीये ना, वाचनालयात पुस्तकं बांधते ती? फाटकी पुस्तकं उसवायची, परत शिवायची, गोंद लावून नवा पुठ्ठा चढवायचा. तिची नजर हळूहळू गेली, आता फक्त उजेड आणि सावली कळते. पण बोटं! पानाची कड चाचपते आणि सांगते, हे कुणीतरी खाता खाता वाचलंय. आणि नेमकं आमच्याच ऑफिसला त्या इमारतीचं काम मिळालं. ज्यांना दिसत नाही त्यांना तिथे सहज वावरता आलं पाहिजे, असं काम. मी तर हवेतच!

मावशीनं मात्र आधीच बजावलं होतं, "हे बघ, माझ्या टेबलापर्यंत मी एकटी पोचते तोवर कामाला येणार. कुणाचा हात धरावा लागला की सुईदोरा खाली ठेवला." आणि ती बोलली म्हणजे बोलली.

मग आम्ही झपाटून काम केलं. गेटापासून वाचनखोलीपर्यंत पायाला लागेल अशी पिवळी पट्टी. दारांवर ब्रेलच्या पाट्या. त्यावर बोट फिरवून मावशी म्हणाली, "मला ही टिंबं येत नाहीत गं, आता या वयात पहिलीत बसू का?" तिच्या खोलीकडच्या कॉरिडॉरात पट्टी नाही घातली, कारण वाचक तिकडे जात नाहीत आणि तिला तर तो पाठच. उलट वाचकांची तक्रार होती, फार आवाज येतो म्हणून. मग आमच्या ऑफिसच्या सरांनी वाचनखोलीत आणि कॉरिडॉरात जाड गालिचा अंथरला, आवाज पिऊन टाकणारं छत लावलं, बिजागऱ्यांना तेल घातलं, घरघरणारा कूलर काढून नवा आणला, अगदी मुका. काय शांत झालं होतं! ढगात चालल्यासारखं.

पहिल्या दिवशी मावशी आली. पट्टीवरून टेचात वाचनखोलीपर्यंत, तिथून वळली कॉरिडॉरात आणि थांबली. काठी टेकवली. आवाज नाही. परत टेकवली.

"इमारत कुठे गेली?"

मला हसूच आलं आधी. मग तिचा चेहरा बघितला. तिनं हात पुढे केला, हवेत, कुणीही धरावा असा, आणि मी तो धरला. काय करणार? टेबलापाशी बसल्यावर ती इतकंच म्हणाली, "संध्याकाळी माझा सुईदोरा पिशवीत भर. घरी न्यायचाय."

मी बाहेर येऊन कॉरिडॉरात उभी राहिले आणि डोळे मिटले. बापरे! भिंती विरघळल्या. जिना नाही, दारं नाहीत, मीसुद्धा नाही. नुसता कापूस. तशीच उभी होते, आणि मावशी लहानपणी मला काय काय सांगायची ते एकेक आठवायला लागलं. जिन्यापाशी काठीचा आवाज वर उडतो. कपाटांपाशी तो झोपतो. कूलर घरघरला की डावीकडे सरक. आणि तिच्या खोलीचं दार असं कुरकुरतं की जणू म्हणतंय, आलीस? म्हणजे तिची अख्खी इमारत आवाजाची होती, आणि आम्ही ती पुसून काढली होती, फडक्यानं, चकाचक!

सरांना सांगितलं तर म्हणाले, "अगं, पट्टी वाढवू की तिकडे."

"सर, पट्टी एकच वाट सांगते. आजूबाजूला काय आहे ते नाही सांगत. डोळे मिटून चालून बघा ना."

चालले, आणि जाऊन आदळले थेट नव्या कूलरवर. गुडघा चोळत म्हणाले, "हा इथे आहे हे कळणार कसं?" मी म्हटलं, "तेच तर!"

मग काय, वाचनखोलीत गालिचा राहू दिला, कॉरिडॉरातला गुंडाळला. खालची फरशी पुन्हा खणखणली. जिन्यावरचं ते आवाज पिणारं छत काढलं, जुना कूलर माळ्यावरून उतरवला. सुतारकाकांना म्हटलं, "काका, मावशीच्या शिलाईखोलीचं दार कुरकुरतं करून द्या." ते माझ्याकडे बघतच राहिले. "पोरी, जन्मभर लोकांची दारं गप्प केली मी. हे उलटं कधी कुणी मागितलं नाही." पण तेल पुसलं, बिजागरी जराशी आवळली, दार हलवून कान लावला. "हं. हे बोलेल."

मावशी यायलाच तयार नव्हती. म्हटलं, पिशवी घेऊन ये, सुईदोऱ्यासकट, नाही जमलं तर परत जाऊ. काल आली.

वळणावर थांबली. काठी टेकवली. टक्क! आणि तो आवाज फरशीवरून लांबवर पळत गेला, माझ्या अंगावर काटा आला गं. मी तिच्यामागे डोळे मिटून. टक्क, आणि आवाज वर उडाला, म्हणजे जिना. टक्क, मऊ पडला, म्हणजे कपाटं. घरघर आली, सरली. अंधारात एकेक दिवा लागत जावा तसा कॉरिडॉर माझ्याभोवती उभा राहत होता, पाण्यातून वर येत असल्यासारखा. मी तिचा हात धरला नव्हता. तिनं मागितलाच नव्हता!

"डोळे उघड," मावशी पुढूनच म्हणाली, "धडपडशील."

"तुला कसं कळलं?"

"पाय घासतेयस मघापासून."

दार कुरकुरलं. ती आत गेली, पिशवीतून सुईदोरा काढून टेबलावर ठेवला. मी मागोमाग शिरणार, तर म्हणाली, "तू कुठे? जा, मला काम आहे." आणि दार ओढून घेतलं. सावकाश, अगदी सावकाश, त्या दाराचा आवाज शेवटपर्यंत ऐकत.