चारशे ऐंशी वेळा ‘लागला’

खरं सांगतो, हे लिहिणारच नव्हतो. ज्याची फजिती झाली तो सुयोग आपला माणूस, आणि ज्यानं ती केली तो लवूदा त्याच्याहून आपला. पण आता दोघं स्वतःच चारचौघांत सांगत सुटलेत आणि दर वेळी वेगळंच सांगतात. म्हणून एकदाचं नीट टाइप करून टाकतो.

तर शुक्रवारची सकाळ. कुवेतच्या महबूल्यात तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत लवू सुतार पलंगावर बसलेला, लुंगी गुडघ्यापर्यंत, डोळे गच्च मिटलेले. समोर फरशीवर सुयोग. त्याच्या हातात प्लॅस्टिकची दांडी आणि तिच्या टोकाला नायलॉनचा एकच ताठ केस, टूथब्रशमधून उपटल्यासारखा.

"लागला," लवू म्हणाला.

सुयोगनं हात जागच्या जागी थांबवला.

"लवूदा, मी अजून टेकवलाच नाही."

"मगे आता लागतला."

आता हे पायाचं प्रकरण काय, ते सांगायला हवं. सुयोग खेडचा, तेहतीस वर्षांचा, खैतानच्या एका पॉलिक्लिनिकमध्ये नऊ वर्षं नर्स. सगळे त्याला ब्रदर म्हणायचे. त्याच्या हाताखालून चार डॉक्टर नवे आले, जुने होऊन गेले, आणि प्रत्येकाला औषधांची कपाटं त्यानंच दाखवली. दोन हजार सहा साली त्याच्या डोक्यात शिरलं की आपणही पुढे शिकायचं. अमेरिकेतलं एक विद्यापीठ इंटरनेटवरून नर्सिंगमधली डॉक्टरेट देत होतं. पुस्तकी नाही, हाताच्या कामाची. ती मिळाली की माणूस स्वतः तपासू शकतो, निदान करू शकतो, नियम असतील तिथं औषधही लिहून देऊ शकतो. हारिसनं, म्हणजे बिल्डिंगच्या राखणदारानं, गच्चीवरून ओढलेली इंटरनेटची वायर खिडकीतून आत आली आणि सुयोगचा अभ्यास सुरू झाला.

हे घरी समजावताना त्याची दमछाक झाली. आईनं फोनवर विचारलं, म्हणजे तू डॉक्टर होणार? तो म्हणाला, नाही, नर्सच. मग डॉक्टरेट कसली? नर्सिंगची. म्हणजे एवढं शिकून परत नर्सच? शेवटी आई म्हणाली की मुलीकडच्यांना यातलं फक्त पहिलं वाक्य सांगू या.

खोलीत मात्र लवूनं प्रश्नच मिटवून टाकला. लवू कुडाळचा, सेहेचाळीस वर्षांचा, एका कंपनीत दारं-कपाटं बसवणारा. सुयोगपेक्षा तेरा वर्षांनी मोठा, पण दोस्ती समवयस्कांची. त्यानं जाहीर केलं, "आमचो सुयोग परीक्षेक बसलोसा. खोलयेत टीव्ही बंद."

दोन वर्षं टीव्ही बंद राहिला. सहा माणसांच्या खोलीत हे सोपं नाही.

शेवटी आला प्रकल्प. सुयोगनं विषय घेतला साखरेचा, म्हणजे मधुमेहाचा. खोल्याखोल्यांतून राहणारे आपले कोकणातले सडे लोक, साखर झालेले, दिवसभर जाड बुटात उभे. साखर जुनी झाली की पायाची जाणीव जाते. काही टोचलं तरी कळत नाही, जखम चिघळते, आणि मग डॉक्टर पाय वाचवायच्या नाही, कापायच्या गोष्टी करतात. हे आधीच ओळखायचं असेल तर तो नायलॉनचा केस. डोळे मिटायचे, एकेका तळव्याला दहा ठिकाणी केस टेकवायचा, लागला की माणसानं सांगायचं. बस्स. तपासणी सोपी आहे, असं सुयोगनं प्रस्तावात लिहिलं होतं. त्यानं आपली माणसं हिशेबात धरली नव्हती.

पहिली अडचण संमतिपत्राची. आठ पानं होती, त्यानं रात्ररात्र बसून मराठीत केलेली. लवूनं शेवटचं पान काढून सही ठोकली. वाच तरी, असं सुयोग म्हणाला, तर लवूचं उत्तर तयार होतं. कंपनीचं कंत्राट वाचून सही केली असती तर तो कुवेतला आलाच नसता.

दुसरी अडचण पायांचीच. सुयोग पायाशी वाकला रे वाकला की लवूचा हात आपोआप त्याच्या डोक्यावर यायचा. "मोठो हो." डाव्या पायाला एकदा, उजव्या पायाला एकदा. वयानं मोठे होते त्या सगळ्यांनी असेच आशीर्वाद दिले. लहान होते ते आणखी अवघड. दत्तप्रसाद म्हणून सव्वीस वर्षांचा वेल्डर होता. ब्रदरनं आपले पाय धरले हे त्याला सोसवेना. तो ताडकन उठून सुयोगच्या पाया पडायला वाकला आणि दोघांची डोकी अशी आपटली की सुयोगला त्या दिवशी पुढचे तीन पेशंट दोन-दोन दिसले.

तरी चोवीस माणसं झाली. अठ्ठेचाळीस पाय, चारशे ऐंशी जागा. सुयोगनं तक्ता अमेरिकेला पाठवला. त्याच्या गाईड बाईंचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. चारशे ऐंशीपैकी चारशे ऐंशी ‘लागला’. बाईंनी फार सभ्य शब्दांत लिहिलं होतं की एकतर कोकणातल्या माणसांचे पाय जगात सर्वोत्तम आहेत, किंवा तुमचं तपासायचं चुकतंय. रविवारपर्यंत खुलासा द्या, नाहीतर प्रकल्प रद्द धरावा लागेल.

प्रकल्प रद्द म्हणजे दोन वर्षं पाण्यात, आणि सुयोग कायमचा ब्रदर.

म्हणून तो शुक्रवार. पुन्हा तपासायचं, पहिल्यापासून, आणि पहिला लवू.

"लागला कुठं, ते सांग," सुयोग म्हणाला.

"पायाक."

सुयोगनं केस बाजूला ठेवला. लवूचा उजवा पाय हातात धरून उजेडाकडे वळवला आणि बघतच राहिला. करंगळीखालच्या मांसात एक स्क्रू होता. पुरा आत गेलेला. वर फक्त त्याचं चपटं डोकं, फुलीची खाच असलेलं, आणि भोवती काळपट लाल कातडी.

"लवूदा, डोळे उघड."

लवूनं पाय वाकडा करून पाहिलं. त्याचा चेहरा एकदम उजळला.

"अरे, हो हंयसर आसा? काल दिसभर शोधी होतंय."

सुयोगला हसू आलं, पण ते टिकलं नाही. हा माणूस काल पायात स्क्रू घेऊन सहा दारं बसवून आला होता. रात्री त्याच पायावर उभं राहून त्यानं सगळ्यांसाठी आमटी केली होती.

"तुला पायाचं कळत नाही. किती दिवस?"

लवू लुंगीशी चाळा करत बसला. वर्षभर, असं शेवटी म्हणाला. दीड असेल.

"मग मागच्या वेळी वीसच्या वीस ‘लागला’ का म्हणालास?"

"आता तू परीक्षेक बसलंस," लवू समजावून सांगायच्या सुरात म्हणाला. "आमी नाय म्हटला तर तुजे मार्क जातले नाय?"

तेवढ्यात खालच्या बकाल्याचा, म्हणजे वाणसामानाच्या दुकानाचा फारूक खुबूसच्या रोट्या घेऊन वर आला. रत्नागिरीकडचा, आणि स्वतःही त्या चोवीसांतला. त्यानं मग सगळंच ओकून टाकलं. तपासणीच्या आधीच लवूनं प्रत्येकाला बकाल्यात गाठून बजावलं होतं, पोरगा आपल्यासाठी शिकतोय, कुणी ‘नाही’ म्हणायचं नाही, आपल्या कोकणाची इज्जत आहे. फारूकला स्वतःला डाव्या अंगठ्याचं काही कळत नव्हतं. त्यानंही लवूच्या शब्दाला मान दिला होता.

नऊ वर्षांच्या नोकरीत सुयोगशी पेशंट खोटं बोलले होते, विड्यांबद्दल, दारूबद्दल. त्याला पास करण्यासाठी कुणी खोटं बोललं नव्हतं.

मग तो उठला. फारूकनं जुम्म्याच्या नमाजाआधी दोघांना गाडीनं हॉस्पिटलात पोचवलं.

स्क्रू निघाला, पण त्याच्या आधीपासूनच आत पू होता. चौथ्या दिवशी सर्जननं सांगितलं, करंगळी जाणार. अरबी आणि इंग्रजीतला संमतीचा कागद लवूसमोर आला. सुयोगनं सवयीनं शेवटचं पान उघडून पेन पुढं केलं. लवूनं ते घेतलं नाही.

"वाच," तो म्हणाला. "पयल्यापासून. सगळा."

सुयोगनं वाचलं, ओळ न् ओळ, मराठी करत. लवू डोळे मिटून ऐकत होता. संपल्यावर त्यानं पेन मागितलं आणि नाव पूर्ण लिहिलं, वडिलांच्या नावासकट.

गाईड बाईंना सुयोगनं त्या रविवारीच खुलासा पाठवला होता. तपासायचं चुकलं नाही, माझ्या पेशंटांचं माझ्यावर प्रेम आहे, त्यामुळे तक्ता खोटा आहे. आता रद्दच होणार असं धरून तो बसला होता. पण बाईंनी लिहिलं की हाच तुमचा प्रकल्प. माणूस खरं ‘नाही’ कधी म्हणतो, ते शोधा. सहा महिने वाढवून देते.

महिन्याभरानं पुन्हा शुक्रवार. लवूला कंपनीनं वर्कशॉपमध्ये बसून दारं घासायचं काम दिलं होतं. गावी बायकोला, म्हणजे आमच्या गंगूबाई वहिनीला, त्यानं कळवलं होतं की एक बोट कमी झालं, पण नखं कापायचा वेळ वाचला. तिनं फोन ठेवला तो दोन दिवस उचलला नाही.

लवू पलंगावर, सुयोग खाली. डोळे मिटलेले. सुयोगनं केस टेकवला.

लवूचे ओठ ‘ला’वर येऊन थांबले.

"लागाक नाय," तो हळूच म्हणाला.

पुढच्या जागेला पुन्हा नाही. मग एकदा लागला. मग दोनदा नाही. एकेक ‘नाही’ म्हणताना त्याला हातातलं कुणी काढून घेतल्यासारखं जड जात होतं. तळवा संपला तेव्हा त्यानं एक डोळा उघडला.

"किती गावले?"

"दहापैकी चार."

"नापास?"

"पास," सुयोग म्हणाला. "पहिल्यांदा पास झालास."

लवूनं नऊ बोटांकडे बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "तू डाक्टर झालंस काय मगे माजे पाय बघूक कोणाक धाडतलंस?"

सुयोगनं दुसरा पाय मांडीवर घेतला. लवूचा हात सवयीनं त्याच्या डोक्यावर आला होता, पण आशीर्वाद द्यायचं लवू विसरला. हात नुसताच तिथं राहिला.

"कुणालाच नाही," सुयोग म्हणाला. "डॉक्टर झालो तरी तुझे पाय मीच धरणार. दर शुक्रवारी, चहाच्या आधी. शब्द देतो. आता डोळे मीट."