टाकीखालची ओल

"काका, ही घ्या. पाण्याचा डाग औषधालासुद्धा दिसणार नाही." फरशीवाल्यानं करड्या ठिपक्यांच्या फरशीवर बुक्की मारून दाखवली. "वर हत्ती उभा करा!"

"हत्ती नाही हो, मासे आहेत," वॉशरकाका म्हणाले. "पण टाकी हत्तीला लाजवेल."

काकांनी जन्मभर पंप दुरुस्त केले. गळती दिसली की खिशातून वॉशर निघायचाच, म्हणून गल्लीनं हे नाव ठेवलेलं. निवृत्त झाल्यावर काचा आणून सहा फुटी टाकी त्यांनी स्वतःच्या हातानं जोडली. आल्यागेल्याला ऐकवायचे, "थेंब गळला तर नाव बदलीन!" शेजारी उभी राहून बायको नुसती हसायची. ती जाऊन दोन महिने झाले होते. आणि काल टाकीखालच्या जमिनीच्या लाकडी पट्ट्या फुगून वर आल्या होत्या.

"लाकूडच हलकं निघालं," काका सांगत होते. "टाकीचा काही संबंध नाही. जोड माझा आहे."

सोबत आलेली त्यांची मुलगी म्हणाली, "बाबा, पुरे ना आता."

"पुरे काय? लोकांना वाटेल, टाकी गळते."

"गळतेच ती."

काका हसले. "तुला काय कळतं गं जोडातलं?"

"मला नाही. आईला कळायचं. पहिल्या वर्षापासून मागच्या कोपऱ्यातून पाझरते. तुम्ही सकाळी फिरायला गेलात की ती ते दुखरे गुडघे टेकून स्टँडखाली हात घालायची आणि पुसून काढायची. मी म्हटलं, सांगून टाक की. तर म्हणाली, 'जगाच्या गळत्या थांबवतात ते. घरातच गळतंय, हे माझ्या तोंडून नको कळायला त्यांना.' शपथ घातली होती मला."

काकांच्या चेहऱ्यावरचं हसू होतं तिथंच राहिलं. ते पुसायचंही त्यांना सुचेना. टाकीतलं पाणी कमी व्हायचं, तेव्हा हवेनं आटलं म्हणून तेच वर भर घालत आले होते. आणि फिरून परत यावं तर दोरीवर एक पिवळं फडकं ठिबकत असायचं. "रोज उठून एकच फडकं काय धुतेस? नवस बोललीस की काय?" असं ते चिडवायचे. ती म्हणायची, "माझी पूजा समजा." माणूस देवाला कुठं कुठं शोधतो, आणि घरात रोज पूजा चालली असते तिकडे त्याची पाठ असते.

फरशीवाला चाचरत म्हणाला, "मग तर काका हीच घ्या. ओल दिसणारच नाही."

"नको." काकांनी कोपऱ्यातल्या बिनपॉलिशच्या तांबड्या फरशीकडे बोट केलं. "ती द्या."

"ती घरात नाही कुणी घालत. थेंब पडला तरी काळा ठिपका उठतो."

"म्हणूनच."

"बाबा, जोड नीट करून घेऊ ना आपण," मुलगी म्हणाली.

"करतो. पण माझ्या जोडाची खात्री मी आता नाही देणार."

आणि भर दुकानात काका खाली बसू लागले. गुडघे करकरले. मुलगी सावरायला धावली, तसा त्यांनी हातानंच तिला थांबवलं. फरश्या रचलेल्या लोखंडी घोडीखाली त्यांनी दंडापर्यंत हात घातला, गाल जमिनीला टेकला.

"काय शोधताय काका?" फरशीवाल्यानं घाबरून विचारलं.

"काही नाही," काका म्हणाले. "हात पोचतो का, बघतोय."