बुजवलेली भोकं

पाहुणी टेबलाखाली वाकली तेव्हा मिस्त्रींना वाटलं, तिचं काहीतरी खाली पडलं असावं. ते मदतीला पुढे झाले. पण तिने दोन्ही हातांनी ओढून बाहेर काढली ती त्यांचीच लाकडी पेटी. पेटीत शिलाई मशीनच्या मोटरी होत्या, वायरी गुंडाळून एकीवर एक नीट रचलेल्या. तिने एक मोटर उचलून उलटीपालटी करून पाहिली, मग दुसरी पाहिली. मग बाईंच्या भाचीकडे वळून ती आपल्या भाषेत बरंच काही बोलली आणि बोलता बोलता हसली.

"काय म्हणते?" मिस्त्रींनी विचारलं.

"या कशाच्या म्हणून विचारतेय," भाची म्हणाली.

एवढ्या लांबलचक बोलण्याचा एवढासाच अर्थ कसा, असं मिस्त्रींच्या मनात आलं. पण पाहुणी परक्या देशातून आलेली, त्यात तिचा पहिलाच दिवस. त्यांनी मोटरीवरची धूळ फडक्याने पुसून दिली.

संस्था म्हणजे म्हणायला संस्था. एका बंद पडलेल्या दवाखान्यामागच्या दोन खोल्या, त्यात बाई, पाहुणीची भाषा बाईंकडून शिकलेली त्यांची भाची, वेळ जात नाही म्हणून येणारी दोन-तीन निवृत्त माणसं आणि मिस्त्री. लोकांच्या माळ्यावर धूळ खात पडलेली शिलाई मशीनं मागून आणायची, दुरुस्त करायची आणि वर्षातून एकदा खोक्यांत भरून समुद्रापलीकडच्या एका शाळेला पाठवायची, एवढंच तिचं काम. त्या शाळेत गरिबाघरच्या मुली आणि मुलगे शिवणकाम शिकत. तरुणपणी बाई यजमानांच्या नोकरीमुळे त्या देशात राहिल्या होत्या आणि ती शाळा त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती: एक ओसरी, तीन मोडकी मशीनं आणि आळीपाळीने त्यांच्यावर बसणारी पोरं. परत आल्यावर त्यांना काही चैन पडेना. त्यांनी ओळखीतल्या ओळखीत मिस्त्रींना गाठलं आणि पहिल्याच दिवशी बजावलं, तिथे वीज नाही, विजेवरचं मशीन तिथे गेलं तर ते नुसतं शोभेला.

मिस्त्रींनी ते जे मनावर घेतलं ते घेतलंच. विजेवरचं मशीन आलं की ते त्याची मोटर काढत, चाक बदलत, हाताने फिरवायचा दांडा बसवत. एवढ्यावर काम संपलं असतं. पण मोटर काढली की मशीनच्या पाठीवर तिचं भोक उघडं राही, आणि ते त्यांच्या डोळ्यांना खुपे. दुसऱ्याचा उतरवलेला कपडा आपण उसवलेल्या शिवणीसकट गरिबाला देतो का, असं ते म्हणत. म्हणून भोकात लांबी, म्हणजे खिडकीच्या काचा बसवायला वापरतात तो लगदा, भरायची, ती वाळली की भोवतीचा उंचवटा कानशीने सपाट करायचा, वर काळा रंग आणि त्यावर पुन्हा चकाकी. कुणी भिंग घेऊन बसला असता तरी त्याला भोक सापडलं नसतं. बायको गेल्यावर मुलाने दुरुस्तीचं दुकान मोडून तिथे मोबाइलची कव्हरं विकायला घेतली, तेव्हा मिस्त्री रोज आणखी लवकर इथे येऊ लागले. त्यांना हे टेबल होतं. घरी सून म्हणायची, बाबांना ताप चालतो, सुट्टी चालत नाही.

आणि आता त्या शाळेतली एक मुलगी, जी तिथेच शिकली आणि आता तिथेच शिकवत होती, ती प्रत्यक्ष त्यांच्या टेबलापाशी उभी होती. आठवडाभर राहणार होती. बाईंना तर तिला कुठे ठेवू न कुठे नको असं झालं होतं. यंदाची खोकी भरून तयार होती आणि पाहुणी परत जायच्या सुमाराला तीही बंदरावर जायची होती.

चहा झाला. पाहुणी पुन्हा त्या पेटीविषयीच बोलू लागली आणि भाचीने पुन्हा ते एका वाक्यात सांगितलं, की तिला सगळं फार आवडलं. मिस्त्रींनी कप खाली ठेवला.

"हे बघ, पोरी," ते म्हणाले, "ती पसाभर बोलते आणि तू चिमूटभर सांगतेस. जे असेल ते सगळं सांग."

भाचीने बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, सांग.

मग तिने सांगितलं. शाळेत वीज येऊन कैक वर्षं झाली होती. पाहुणी विद्यार्थिनी म्हणून गेली तेव्हाही होती. तिथल्या शिंप्यांच्या दुकानांत सगळी मशीनं मोटरीवरच चालत, आणि जिला फक्त दांडा फिरवता येतो तिला कुणी कामाला घेत नसे. म्हणून खोकी आली की शाळेची माणसं बाजारातून जुन्या मोटरी शोधून आणत आणि मशीनांना जोडत. त्यासाठी आधी बुजवलेलं भोक शोधावं लागे. नव्या मुलींचा पहिला धडाच तो. भोक शोधायचं, उघडायचं, मोटर बसवायची, मग सुई-दोरा. मशीनं इकडे मोटरीविनाच मिळत असतील असं इतकी वर्षं सगळ्यांना वाटत होतं. कुणीतरी मुद्दाम बसून त्या काढतो आणि पेटीत जपून ठेवतो, हे पाहुणीला आज कळलं, म्हणून तिला हसू आलं.

"आणि?" मिस्त्री म्हणाले. कारण भाची अडखळली होती.

"आणि तुम्हाला तिथे एक नाव आहे. भोकं बुजवणारे आजोबा."

बाईंनी विचारलं, मग कुणी कळवलं का नाही. पाहुणीने खाली बघत उत्तर दिलं. त्यांचे मुख्याध्यापक म्हणत, कोण कुठली माणसं समुद्रापलीकडून पाठवतात, त्यांना नावं कशी ठेवायची? रागावून पाठवायचीच थांबली तर?

बाईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, चूक माझी आहे, मी परत कधी विचारलंच नाही. मिस्त्री म्हणाले, असं होय. त्यांनी स्वतःचा कप विसळून पालथा घातला आणि चपला पायात सरकवल्या. बाईंनी हाक मारली, तर उद्या बघू म्हणाले. आजवर त्यांनी कामाला उद्या बघू म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते गेले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. दाढीही केली नाही. मुलाने विचारलं तर पाय दुखतो म्हणाले. आणि त्याने, कुठला पाय, हेही विचारलं नाही. सून मात्र एक दिवस थांबली आणि दुसऱ्या दिवशी भाजी निवडायचं ताट घेऊन त्यांच्यासमोर येऊन बसली. पायाचं नाटक पुरे झालं, असं तिच्या बसण्यावरूनच समजत होतं. मिस्त्रींनी सगळं सांगून टाकलं. सांगताना त्यांचा आवाज चढला. धडधाकट मशीनं आपण आपल्या हातांनी लुळी करून पाठवली, त्याची लाज होतीच. पण त्याहून जास्त झोंबत होतं ते हसणं. इतक्या लांब, कधी न पाहिलेल्या पोरी आपल्या नावाने हसतात. आपण मरमर मरायचं आणि वर चेष्टा.

"हसणार नाहीत तर काय रडतील?" सून म्हणाली. "मशीन आलंय ना त्यांच्या पुढ्यात?"

"तू त्यांचीच बाजू घे."

"बाबा, तिथे दरवर्षी नव्या पोरी तुमचं नाव काढतात. इथे आपल्या दुकानात जाऊन विचारा, तुमचं नाव कुणाला ठाऊक आहे का ते."

हे जरा जास्तच लागलं. सुनेलाही ते कळलं असावं, कारण तिने मान खाली घालून देठं मोडायला घेतली. मग थोड्या वेळाने, जणू भाजीलाच विचारावं तसं तिने विचारलं, की ती भरून ठेवलेली खोकी तशीच जाणार का.

मिस्त्री उठून आत गेले. पण रात्रभर त्यांना ती खोकी दिसत राहिली. प्रत्येक मशीनची पाठ गुळगुळीत, काळीभोर, आणि आत भोक.

सकाळी उजाडल्या उजाडल्या ते निघाले. दवाखान्यामागची खोली उघडी होती. बाई आल्या नव्हत्या, भाचीही नव्हती. पाहुणी एकटीच होती. तिने खोकी उघडून मशीनं ओळीने जमिनीवर मांडली होती, मोटरींची पेटी शेजारी ओढून घेतली होती आणि स्वतः गुडघ्यांवर बसून एका मशीनला गाल लावला होता. मिस्त्रींना वाटलं, ती आतलं काहीतरी ऐकते आहे. पण गाल हळूहळू सरकत होता. एका जागी तो थांबला, तिने तिथे बोट ठेवलं, खडूने फुली मारली आणि वर पाहिलं. मिस्त्रींना पाहून ती गडबडीने उठू लागली. त्यांनी हातानेच, बस बस, म्हटलं.

दोघांमध्ये एका शब्दाची भाषा नव्हती. तिने त्यांचा हात धरला, अंगठा एका मशीनच्या पाठीवर टेकवला आणि सावकाश फिरवला. मिस्त्रींना काहीच कळलं नाही. आयुष्यभर लोखंड हाताळून त्यांच्या बोटांचं गोणपाट झालं होतं. त्यांनी मान हलवली. तिने स्वतःच्या गालावर टिचकी मारली आणि मशीनकडे बोट दाखवलं.

म्हाताऱ्या माणसाने, दोन दिवसांचे दाढीचे खुंट वाढलेले असताना, परक्या मुलीसमोर जमिनीवर बसून यंत्राला गाल लावायचा. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. मग चष्मा काढून खिशात ठेवला आणि वाकले. पहाटेचं लोखंड थंडगार होतं, इतकं की अंगावर शहारा आला. ते गाल सरकवत गेले. थंड, थंड, आणि मग एका जागी, बोटाच्या पेराएवढ्या जागी, थंडी नव्हती. तिथे लांबी होती. लोखंडाइतकी ती गार पडत नव्हती. रंग त्यांनी लपवला होता, पातळी लपवली होती, पण हे लपवायचं त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"आहे," ते म्हणाले. "इथे आहे."

तिने फुली मारली. मिस्त्रींनी उठून भिंतीवरचं ड्रिल काढलं आणि ती पुढे झाली तरी तिच्या हातात दिलं नाही. पहिलं भोक त्यांनी स्वतःच उघडलं. लांबीचा पांढरा भुगा त्यांच्या धुतलेल्या पॅन्टवर पडला आणि काही काळ्या रंगावरही बसला. पुढच्या मशीनला त्यांनी न सांगता गाल लावला. हळूहळू दोघांचं जमलं. ती शोधे, ते उघडत. कधी ते शोधत आणि ती मोटर पुढे करी. एकदा तिने त्यांच्याच भाषेत, भाचीकडून शिकलेला एकच शब्द म्हणावा तसं, "आजोबा" म्हटलं, आणि त्यांनी ओ दिली.

एका मशीनवर मात्र भोक काही सापडेना. तिने गाल लावला, मग दुसरा गाल लावला, नखाने टकटक करून पाहिलं. मिस्त्रींनीही पाहिलं. प्रत्येक मशीनचं भोक वेगळ्या जागी, आणि खूण ठेवायची सवय त्यांनी कधी लावून घेतली नव्हती. तेवढ्यात ऊन खोलीत शिरलं, लोखंड कोमट होऊ लागलं आणि तो मार्गही बंद झाला. पाहुणीने हात टेकले. कौतुकाने तिने डोळे मोठे केले आणि जीभ टाळ्याला लावून आवाज काढला. काम असं झालं होतं की दोघांनाही शोधता येत नव्हतं, आणि मिस्त्रींना क्षणभर फार बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याची लाज वाटली.

त्यांनी ते मशीन मांडीवर घेतलं. पाठीवरची चकाकी एकदा तळहाताने पुसली. मग टेबलावरचं पातं मागून घेतलं आणि एका टोकापासून सगळा रंग खरवडायला सुरुवात केली.