डाव्या बाजूचा ब्रेक

“क्लच हळू सोडा, क्लाराबाई. घाई कुणाला आहे?” पंढरीनाथ म्हणाले, आणि तेवढ्यात मागचं दार उघडून कुणीतरी धपकन आत बसलं.

सकाळचे साडेआठ झाले असतील. मुर्ध्याच्या अलीकडे, मिठागराच्या कडेला ड्रायव्हिंग स्कूलची पांढरी मारुती सुरू होऊन उभी होती. उत्तनला जाणारा कुणी उतारू चुकून चढला, असं पंढरीनाथांना वाटलं. अहो, ही शिकायची गाडी आहे, असं सांगायला ते मागे वळले, तर कानाखाली गार लोखंड टेकलं.

“उत्तनला घे. थांबलास तर आधी ही बाई जाईल.”

पंचविशीतला पोरगा होता. बाहीवर रक्त वाळलेलं. पहाटे काशीगावजवळ पोलिसांवर गोळी झाडून तो पळाला होता, हे त्यांना मागाहून कळलं. उत्तनच्या धक्क्यावरून होडी मिळेल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. पंढरीनाथांनी विचारलं की मी चालवायला बसू का, तर त्याने बजावलं, कुणी खाली उतरायचं नाही, जागा बदलायची नाही, निघायचं.

क्लारा शिकत होती त्याचा हा दहावा दिवस. भाईंदरच्या एका दवाखान्यात ती नर्स होती, घर उत्तनला. साखरेच्या आजारात नवऱ्याचा, मायकेलचा, पाय कापावा लागला आणि त्याची जुनी फियाट अंगणात पडून राहिली. त्याला इस्पितळात न्यायला दर वेळी कुणाच्या दारात उभं राहायचं, म्हणून पंचेचाळिसाव्या वर्षी ती चाक धरायला शिकत होती. आता त्याच चाकाला घट्ट धरून ती पंढरीनाथांकडे बघत होती.

“माझ्याकडे बघू नका,” पंढरीनाथ म्हणाले. “समोर बघा. पहिला गिअर. क्लच हळू. हां, असं.”

गाडी सुटली. आवाज कापू द्यायचा नाही, एवढं एकच पंढरीनाथांनी ठरवलं होतं. शिकवताना बावीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. आधी परळच्या एका कंपनीत ड्रायव्हर, मग भाईंदरला बिऱ्हाड हलवलं आणि शिकवायला लागले. घाबरलेला माणूस आपल्या आवाजाला धरून चालतो, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या पायाखाली, डाव्या बाजूला, क्लच आणि ब्रेकची दुसरी जोडी होती. शिकणाऱ्याचं चुकलं की सर थांबवतात, तेवढ्यासाठी.

मुर्ध्याला नाकाबंदी होती. पोरगा मागे खाली दबला आणि पिस्तुलाचं टोक क्लाराच्या पाठीला सीटमधून रुतलं. पंढरीनाथांचा पाय ब्रेकवर होता. दाबला असता तर गाडी हवालदारापुढेच उभी राहिली असती. पण हवालदाराच्या हातात काठी होती आणि क्लाराच्या गळ्यातला क्रूस तिच्या श्वासाबरोबर वरखाली होत होता. त्यांनी पाय उचलून धरला. हवालदाराने टपावरची ‘एल’ची पाटी पाहिली, क्लाराकडे पाहिलं आणि हसून हात केला. “काका, जपून. आज हाडं शाबूत घेऊन घरी जा.”

राई गेलं, मोर्वा गेलं. पोरगा उठून बसला. थोड्या वेळाने, उगाच बोलावं तसं, त्याने विचारलं, “किती दिवसांत शिकवतोस रे, काका?”

“पंधरा. रिक्षावाल्याला वीस.”

“रिक्षावाल्याला जास्त? मी पाच वर्षं मारली रिक्षा, मीरा रोड स्टेशनला.”

“जुनं विसरायला वेळ लागतो,” पंढरीनाथ म्हणाले. पुढचंही ते सांगणार होते, नेहमी सांगत तसं. रिक्षात उजव्या पायाखाली एकटा ब्रेक असतो आणि वेग हातात असतो. मोटारीत उजव्या टोकाला वेगाचा पेडल असतो. रिक्षावाला घाबरला की सवयीने उजवा पाय दाबतो आणि गाडी थांबायच्या ऐवजी उडते. म्हणून रिक्षावाल्यांना ते पहिले तीन दिवस इंजिन बंद ठेवून नुसता ब्रेक दाबायला लावत. थांबता आल्याशिवाय चावी नाही, हा त्यांचा नियम होता. पण तेवढ्यात क्लाराची गाडी रस्ता सोडू लागली, त्यांनी चाक सावरलं आणि बोलणं तिथेच राहिलं.

डोंगरीच्या चढावर गाडी बंद पडली. दोनदा, तीनदा. क्लारा रडू लागली. पोराने पंढरीनाथांना चालवायला बसायला सांगितलं.

“बसतो. बाईंना इथे सोड.”

त्याने मानेनेच हो म्हटलं. पंढरीनाथ फिरून गेले, त्यांनी क्लाराला बाहेर काढलं. ते तिला कडेच्या दगडाशी नेईपर्यंत वळणाआडून बसचा हॉर्न वाजला. पोरगा बिथरला. मागून पुढे उडी घेऊन तो स्वतःच चाकावर बसला. गाडीने हिसका दिला, बंद पडली. पुन्हा हिसका. त्याने पिस्तूल खिडकीतून क्लाराकडे रोखलं.

“कशी सुटते ही? बोल लवकर.”

“डावा पाय पूर्ण दाब,” पंढरीनाथ म्हणाले. तोच आवाज, कुणालाही सांगावं तसा. “गिअर पुढे. उजव्या पायाने थोडा वेग दे. आता डावा सोड. हळू. घाई नाही करायची.”

गाडी अलगद सुटली, लोण्यातून सुरी जावी तशी.

“शाब्बास,” त्यांच्या तोंडून निघून गेलं.

गाडी चढ संपवून पलीकडे उतरली आणि दिसेनाशी झाली. पंढरीनाथ कान देऊन उभे राहिले. पुढे उतार होता, उताराखाली वळण. वळणापाशी इंजिनाचा आवाज उतरायला हवा. तो चढला. किंचाळल्यासारखा चढला, आणि मग दगडी कठड्याचा आवाज आला.

मेलेल्या पोराचं नाव स्वप्नील होतं. जबाब घेताना साहेबांनी ते वाचून दाखवलं. पंढरीनाथांना चहा दिला, पाठीवर हात ठेवला. “ब्रेकचं मुद्दामच सांगितलं नाहीत ना, काका? डोकं लावलंत.” पंढरीनाथ म्हणाले की गाडी सोडायला मीच शिकवलं, ते लिहून घ्या. त्याची काही गरज नाही, असं साहेबांनी सांगितलं आणि सही घेतली.

घरी बायकोने, अंबिकेने, ताट वाढलं. ते बराच वेळ भात चिवडत बसले.

“तीन शब्दांचं काम होतं,” ते म्हणाले. “ब्रेक मधला आहे. तेवढा वेळ होता.”

“तुम्ही विसरलात,” अंबिका म्हणाली. “समोर पिस्तूल होतं.”

“बाकी सगळं आठवलं की.”

अंबिकेने ताटावर पालथं ताट झाकलं.

महिन्याने क्लाराचा फोन आला. शिकणं अर्धं राहिलं होतं आणि मायकेलला आठवड्यातून दोनदा इस्पितळात न्यायचं होतं. स्कूलच्या गाडीचं भंगार झालं होतं, म्हणून तिने फियाट दुरुस्त करून घेतली होती. पंढरीनाथ गेले. पहिला दिवस त्यांनी तिला इंजिन बंद ठेवून नुसता ब्रेक दाबायला लावला. ती दाबत राहिली.

चौथ्या दिवशी ती डोंगरीचा चढ न अडखळता चढली. कठड्याचे दोन दगड नवे बसवलेले होते, त्यांचा रंग वेगळा होता. उताराला तिने वेळेवर ब्रेकवर पाय घेतला, वेग मोडला, वळणाअगोदर गाडी अगदी कडेला लावून उभी केली आणि हँडब्रेक ओढला.

फियाटला डाव्या बाजूला काहीच नव्हतं, नुसती रबरी चटई. पंढरीनाथांचा पाय त्या चटईवर होता, गुडघा ताठ, बोटं पांढरी पडेपर्यंत दाबलेला.

“सर,” क्लारा हळू म्हणाली, “गाडी थांबली हाय.”

“हो,” पंढरीनाथ म्हणाले. पण पाय त्यांनी तसाच दाबून धरला होता.