बुडालेला चौथरा

चपलावाल्याचा फोन आला तेव्हा ती प्रयोगशाळेत ओला उंदीर फडक्याने पुसत होती.

"बाई, राग मानू नका," तो म्हणाला, "पण तुमचे भाऊ रोज सकाळी माझ्या कुलपाशी झटापट करतात. आज तर मलाच चोर ठरवलं."

दादाने आपलं केस कापायचं दुकान मागच्या गल्लीत हलवलं होतं आणि जुन्या जागी हा चपलावाला आला होता. गिऱ्हाइकं बिनबोभाट नव्या दुकानात जात. चुकत होता तो मालकच.

तिच्याकडे म्हातारे उंदीर होते. तरुणपणी त्यांतल्या काहींना मधूनमधून भरपूर दारू पाजलेली, मग कायमची बंद. आता त्यांना दुधाळ पाण्याच्या गोल टाकीत सोडायचं. पाण्याखालचा चौथरा सापडला की सुटका. तो सगळ्यांना सापडे. पंचाईत व्हायची ती चौथरा हलवल्यावर. न प्यायलेले थोड्या खेपांत नवी जागा धरत. प्यायलेले जुन्या जागेभोवतीच घिरट्या घालत.

दादा आठवडाभर थेंबाला शिवायचा नाही आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी अशी ढोसायचा की सुट्टी कधी आली नि गेली, त्याला पत्ता नसायचा. तिशीत एकदा हात थरथरला आणि वस्तरा गिऱ्हाइकाच्या कानाला लागला. त्या दिवसापासून बाटली बंद. घरात सगळे त्याचा दाखला देत.

तिने त्याला काही विचारायच्या आतच तो प्रयोगशाळेत हजर झाला.

"चुगली पोचली म्हणे तुझ्यापर्यंत," म्हणत टाकीवर वाकला. "हा काय शोधतोय?"

"चौथरा."

"तिथे कुठाय?"

"परवापर्यंत होता."

तिच्या उंदरांना दारू पाजलेली असते, हे दादाला ठाऊक होतं. "प्यायचा वाटतं?"

"तरुणपणी."

"म्हणजे सोडून काही उपयोग नाही."

"तसं नाही म्हणता येत. न सोडलेले माझ्याकडे नाहीतच."

"बरं, मग माझं काय? दारू की वय?"

"उंदरांचं सांगता येतं, कारण शेजारच्या पिंजऱ्यात न प्यायलेले म्हातारे आहेत," ती म्हणाली. "तू एकच आहेस, दादा."

तो हसला. "एवढं शिकलीस, आणि उत्तर हे!" मग उंदरावरची नजर न काढता त्याने विचारलं, "हे नवी जागा शिकतच नाहीत?"

"शिकतात. खेपा जास्त लागतात."

"मग घे माझ्याकडून खेपा करून."

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, विसराळूपणाची सुरुवात आहे, कारणावर बोट ठेवता येणार नाही. दुसऱ्या सकाळपासून ती दादाबरोबर निघाली. दोन पावलं मागे राहायची, बोलायची नाही. मागच्या गल्लीच्या कोपऱ्यावर तो सरळ जाई, ती थांबे. चपलांची रांग दिसली की तो स्वतःलाच शिवी हासडून परते. चपलावाला नुसता हात हलवी.

थंडी सरेपर्यंत तो बहुतेक वेळा आपणहून वळू लागला. झोप नीट झाली नसली की मात्र पुन्हा सरळ.

"बारके, किती दिवस येणार आहेस अशी?" एकदा दुकानाचं कुलूप काढून शटरला हात घालताना त्याने विचारलं.

उंदरांची शेवटची खेप तिने आधीच ठरवलेली असायची. इथे तसलं काही नव्हतं.

"बघू," ती म्हणाली, आणि शटरचं दुसरं टोक धरून वर ओढायला लागली.