अप्पांसकट डाळ

रियाजनं तिसऱ्यांदा ट्रक वजनकाट्यावर चढवला, इंजिन बंद केलं आणि छाती भरून श्वास घेऊन तसाच बसून राहिला. काट्यावर त्याचा काही परिणाम झाला नाही. तूरडाळ एकशे तीस किलो कमीच भरली.

उदगीरहून काठमांडूला निघालेला माल नेपाळच्या सीमेवरच्या नाक्यावर अडकला होता. नाक्यावरच्या साहेबानं पोती मोजून घेतली. ती बरोबर भरली, आणि रियाजची अडचण वाढली. प्रत्येक पोत्यातून मूठमूठ काढलीय, असं आता साहेबाचं मत पडलं. असा चिकाटीचा चोर आपल्या नोकरीत पहिल्यांदाच बघतोय, असंही तो म्हणाला. डिझेलवर ढकलावं, तर उदगीरला आणि इथं, दोन्हीकडे टाकी फुल्ल करूनच वजन केलेलं. ही तूट नावावर बसली, तर नांदेडपासून लातूरपर्यंत एकही अडत्या त्याला पुन्हा भाडं देणार नव्हता.

तो टायरला टेकून बसला आणि उदगीरचा काटा आठवू लागला. रिकाम्या ट्रकचं वजन झालं, तेव्हा आत तो एकटा होता. भरलेल्या ट्रकचं झालं, तेव्हा...

रियाज ताडकन उठला.

डाळमिलवाले वीरण्णा अप्पा वजनाच्या बाबतीत सख्ख्या भावावरही विश्वास ठेवत नसत. भरल्या ट्रकच्या वजनाला दर खेपेला ते स्वतः केबिनमध्ये बसून काट्यावर येत. त्यांना वर चढवायला दोन हमाल लागत आणि उतरवायला चार. त्यामुळे काट्यावर त्यांना उतरवायच्या भानगडीत कुणी पडत नसे. आजवर त्यांचा माल जवळपासच जायचा आणि तिथं नुसती पोती मोजून घेत, म्हणून हे कधी उघडं पडलं नव्हतं.

त्यानं फोन लावला.

"अप्पा, एक विचारू का? राग नका धरू. तुमचं वजन किती हाय?"

"तुला काय करायचंय रे माझ्या वजनाशी?"

"तुम्ही केबिनमधी होता की! तुम्हाला डाळीत धरलंय, अप्पा. इथं माल अडवून राहिले."

पलीकडे अप्पांची खुर्ची करकरली.

"माझं वजन नव्वद हाय," अप्पा म्हणाले. "वरच्या चाळीस किलोचं काय केलंस ते सांग."

"कुणाचं नव्वद?" मागून अप्पांच्या बायकोचा, सिंधुकाकूंचा आवाज आला.

"तू गप गं."

"नव्वद तर साखरपुड्याला होतं. तवा सगळे म्हणले, पोरगा वाळलाय जरा."

"सिंधु, धंद्याचं बोलून राहिलो ना मी!"

"अप्पा," रियाज म्हणाला, "मी चोर हाय का?"

"मी तसं म्हणलो का? चाळीस किलो म्हणलो."

साहेबाला हे सांगितल्यावर त्यानं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. आणा त्यांना, बसवा, बघू, म्हणाला. नाहीतर माल जप्त. माल जप्त म्हटल्यावर सिंधुकाकूंनी डबा भरला आणि अप्पांना रेल्वेत बसवून दिलं.

अप्पा उतरले तेच घुश्शात. नाक्यावर हमाल नव्हते, पण रांगेतल्या ड्रायव्हरांना एवढ्यात बातमी लागली होती. सहा राज्यांतल्या लोकांनी मिळून अप्पांना केबिनमध्ये चढवलं. मग कुणी हललं नाही. चहावाल्यानं स्टोव्ह बारीक केला.

आकडा स्थिर झाला. कागदावर होता तोच, तंतोतंत.

रांगेतून टाळ्या पडल्या. रियाजनं गमछ्यानं तोंड पुसलं आणि तो गमछा बराच वेळ तोंडावरून काढला नाही.

"ह्यांचा काटा फास्ट हाय," अप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले.

"हाव अप्पा. लई फास्ट."

साहेबानं शिक्का मारला आणि गेट उघडायला सांगितलं. अप्पांनी खाली उतरायला एक पाय बाहेर काढला, तसा साहेब पुढे झाला. कागदावर जेवढं वजन, तेवढंच गेटातून जाणार. पलीकडेही काटा आहे, काठमांडूच्या गोदामातही आहे. वजन जुळलंय ते आता असंच जाऊ द्या, म्हणाला.

"काय म्हणतोय तो?" अप्पांनी विचारलं.

रियाजनं त्यांचा पाय हळूच उचलून आत ठेवला आणि दार लावलं.

"तुम्हाला काठमांडूला डिलिव्हरी द्यायची हाय."

घाट सुरू झाला तशी अप्पांची बडबड थांबली. एका बाजूला डोंगर आणि एका बाजूला काहीच नाही, अशा वळणावर समोरून बस आली. रियाजनं ट्रक मागे घेतला. अप्पांनी दोन्ही हातांनी सीट धरली. बस गेल्यावरही हात तसेच राहिले.

"दर खेपेला हाच रस्ता?"

"दुसरा कुठून आणू?"

जेवायला थांबल्यावर धाब्यावरच्या पोऱ्यानं पराठे आणून ठेवले. अप्पांनी एकच घेतला. तोही नुसता चिवडत बसले.

"ते चाळीस किलोचं मी..." ते ताटाकडे बघत म्हणाले. "तसं मनात नव्हतं माझ्या."

रियाजनं आणखी तीन पराठे त्यांच्या ताटात वाढले, वर तुपाची वाटी उपडी केली.

"खावा अप्पा. तिकडं कमी भरलात, तर माझ्यावर येईल."